फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवला, आता उडवायचा कसा?

प्रश्न थोडक्यात असा: खानापूर भागातला एक तरुण फोटोग्राफर डोहाळजेवण, बारसं, साखरपुडा अशी कामं घेतो. त्याच्याकडे कॅननचा २००डी मार्क २ आणि कॅननसाठीचा एक टीटीएल फ्लॅश आहे, म्हणजे लेन्समधून आलेला उजेड मोजून कॅमेराच ज्याची ताकद ठरवतो असा. फ्लॅशवर एस१, एस२ असे मोड आहेत. कॅमेऱ्यावरून फ्लॅश मारला की चेहरे सपाट आणि कपाळं तेलकट दिसतात, म्हणून त्याला तो बाजूला स्टँडवर लावायचा आहे. कोणी वायर घे म्हणतं, कोणी स्लेव्हवर टाक म्हणतं. बेळगावच्या दुकानात दाखवलेला स्वस्त ट्रिगर, म्हणजे दुरून फ्लॅश उडवणारं साधन, त्याच्या कॅमेऱ्यावर चाललाच नाही. शिवाय मामांच्या बंद पडलेल्या स्टुडिओतला एक जुना फ्लॅश घरात आहे, तो चालेल का?

दुकानातला ट्रिगर बहुतेक चांगलाच होता. हॉट शूच्या, म्हणजे कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या फ्लॅश बसवायच्या खाचेच्या, मधोमध एक मोठा गोल ठिपका असतो, साधे ट्रिगर त्या एका ठिपक्यावर जगतात. शटर पूर्ण उघडलं की कॅमेरा आतून तो ठिपका आणि शूची धातूची कड जोडतो, आणि फ्लॅश उडतो. जवळजवळ सगळ्या कंपन्यांत ही एक गोष्ट वर्षानुवर्षं सारखी होती. तुमच्या २००डी मार्क २ मध्ये कॅननने तो मधला ठिपकाच काढून टाकला. शूकडे नीट बघा, बाजूचे बारीक ठिपके दिसतील, मधला नाही. तुमचा टीटीएल फ्लॅश त्या बारीक ठिपक्यांतून कॅमेऱ्याशी बोलतो म्हणून चालतो. एका ठिपक्याचा ट्रिगर तिथे मुका. म्हणजे तुम्हाला मिळालेल्या निम्म्या सल्ल्यांवर इथेच काट मारा. त्यात कोणाची चूक नाही, देणाऱ्यांचे कॅमेरे वेगळे होते.

ट्रिगर हा निरोप्या आहे. तो प्रकाश वाढवत नाही, मऊही करत नाही. कॅमेऱ्याचा निरोप फ्लॅशपर्यंत नेतो, एवढंच. निरोप कधी एका शब्दाचा असतो, 'आत्ता'. कधी मोठा, 'आत्ता, आणि एवढ्या ताकदीने'. खरेदीच्या आधी आपल्याला कुठला निरोप धाडायचाय आणि वाटेत काय आडवं येणार आहे, हे ठरवा. ऊन, माणसं, भिंत, दुसऱ्याचे फ्लॅश यांपैकी जे आडवं येतं त्यावर साधन ठरतं.

वायरपासून सुरू करतो, कारण तिला उगाच म्हातारी ठरवलंय. वायर दोन प्रकारची. पहिली साधी सिंक वायर, फक्त 'आत्ता' नेणारी. ती पीसी सॉकेटमध्ये लागते. हा पीसी म्हणजे कॉम्प्युटर नव्हे, प्रॉन्टर आणि कॉम्पूर या जुन्या जर्मन शटरांची आद्याक्षरं आहेत. तुमच्या कॅमेऱ्याला हे सॉकेट नाही, आणि शूवर बसणारा स्वस्त अडॅप्टर पुन्हा त्याच मधल्या ठिपक्यावर चालतो, त्यामुळे हा विषय तुमच्यापुरता संपला. दुसरी टीटीएल वायर. तिच्या एका टोकाला कॅमेऱ्यावर बसणारा पाय आणि दुसऱ्या टोकाला फ्लॅशसाठी शू. ती सगळे ठिपके जसेच्या तसे पुढे नेते, म्हणून तुमच्या कॅमेऱ्यावर बिनतक्रार चालते. फ्लॅशला वाटतं आपण अजून कॅमेऱ्यावरच बसलोय.

आमच्याकडे वैशाखात शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते. त्या गर्दीत स्टँड उभा करायला कोण देणार? उजव्या हातात कॅमेरा, डाव्या हातात डोक्याच्या वर तिरका धरलेला फ्लॅश, मध्ये गुंडाळी वायर. जादा सेल नको, चॅनेल नको, काही नको. कंपनीच्या वायरी आखूड असतात, कॅननची स्वतःची तर सुमारे ६० सेंटिमीटर. हाताला तेवढी पुरते, स्टँडला नाही. कार्यालयात लांब वायर जमिनीवरून नेऊ नका. पंगतीचं ताट घेऊन निघालेला माणूस तिच्यात अडकला की स्टँड, छत्री, फ्लॅश आणि आमटी सगळं एकदमच जातं.

आता तुमच्या फ्लॅशवरचे एस१ आणि एस२, म्हणजेच स्लेव्ह. हा उजेडाने पोचणारा निरोप. फ्लॅशमधला छोटा डोळा दुसरा फ्लॅश उडालेला बघतो आणि त्याच क्षणी आपला उडवतो. यात एक खोड आहे, नवशिक्यांचे चार दिवस तिथेच जातात. टीटीएलवर कॅमेऱ्यातला फ्लॅश दोनदा उडतो. आधी एक बारीक चाचणीची झपक, ती मोजून मग खरा फ्लॅश. एस१वर ठेवलेला फ्लॅश पहिल्याच झपकीला उडून मोकळा होतो. शटर उघडतं तेव्हा तो रिकामा. डोळ्याला तो उडालेला दिसतो, फोटोत मात्र अंधार. माझा हेल्पर पहिल्या दिवशी म्हणाला होता, "सर, फ्लॅश उडालाय की ओ, फोटोतच येईना झालाय." एस२ ती पहिली झपक सोडून देतो. म्हणून कॅमेऱ्यातला फ्लॅश टीटीएलवर असेल तर एस२, आणि मॅन्युअलवर असेल तर एस१. लाल डोळे टाळण्याची सोय बंद ठेवा, ती मध्येच आणखी उजेड करते.

पांढऱ्या भिंतींच्या बंद खोलीत हे इतकं छान चालतं की आणखी काही घेऊ नये असं वाटतं. पासपोर्ट फोटोचे स्टुडिओ यावरच चालतात, तिथल्या छत्रीवाल्या लाइटांना हाच डोळा असतो. बारशाच्या खोलीतही चालेल. पण कॅमेऱ्यातल्या फ्लॅशचा उजेड समोरून फोटोत येऊ द्यायचा नसेल तर त्याची ताकद अगदी कमी करा, किंवा जुन्या लोकांची युक्ती करा. धुतलेल्या स्लाइड फिल्मचा पूर्ण काळा तुकडा त्याच्यासमोर चिकटवा. दिसणारा उजेड त्यात अडतो, इन्फ्रारेड जातो, आणि समोरच्या डोळ्याला तेवढा पुरतो. तसा तुकडा आता मामांच्या स्टुडिओतच मिळेल.

बाहेर उन्हात हा डोळा दिपतो, काही पावलांवरच फसतो. गर्दीत तर तो कोणाचंही ऐकतो. फार वर्षांपूर्वी शहापूरच्या एका लग्नात मी कोपऱ्यात स्लेव्ह फ्लॅश लावला होता. नवऱ्या मुलाचे दोन चुलतभाऊ हौसेने कॅमेरे घेऊन आलेले. मंगलाष्टकं सुरू झाल्यापासून ते एकेक फोटो काढत होते आणि दर झपकीला कोपऱ्यातला माझा फ्लॅश त्यांच्यासाठी उडत होता. शेवटचं 'सावधान' झालं, अक्षता पडल्या, मी बटण दाबलं, आणि माझा फ्लॅश चार्ज होत बसलेला. अक्षता पडतानाचे ते तीन फोटो अजून माझ्याकडे आहेत. अल्बममध्ये लावले नाहीत.

यातच कंपन्यांची थोडी हुशार आवृत्ती येते. निकॉनच्या डी९०, डी७००० अशा कॅमेऱ्यांत आणि कॅननच्या ७डी, ६०डी, ६००डी, ७००डी यांत कॅमेऱ्यातलाच छोटा फ्लॅश मुकादम होतो आणि उजेडाच्या ठोक्यांतून 'तू एवढा, तू तेवढा' असं सांगतो. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकांत ती सोय नाही. उद्या सेकंडहँड दुसरी बॉडी घ्याल तेव्हा हे लक्षात असू द्या. बाकी ऊन आणि आडोसा यांच्या अडचणी इथेही त्याच.

राहिला रेडिओ. कामाला मी आज हाच वापरतो आणि तुम्हीही शेवटी इथेच याल. कॅमेऱ्यावर ट्रान्समीटर, फ्लॅशखाली रिसीव्हर, किंवा फ्लॅशच्या पोटातच रिसीव्हर. पूर्वीचे स्वस्त संच ४३३ मेगाहर्ट्झवर चालायचे, कधी उडायचे कधी रुसायचे. आताचे बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवर आहेत. भिंतीआड, खांबामागे, दुसऱ्या खोलीतून खिडकीतून, कुठूनही निरोप पोचतो.

तुम्ही काय घ्यायचं? आधी फ्लॅशचं पुस्तक काढून बघा, आत रेडिओ आहे का. असेल तर त्याच कंपनीचा फक्त ट्रान्समीटर लागेल. नसेल तर त्याच घरातला ट्रान्समीटर आणि रिसीव्हर. ट्रान्समीटर मात्र कॅननसाठीचा, सगळ्या ठिपक्यांचाच हवा, आणि त्याचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, नवं असावं. विना-ठिपक्याचे कॅमेरे आल्यावर गोडॉक्ससारख्या कंपन्यांनी त्यासाठी अपडेट काढले. खोक्यावर 'कॅनन' लिहिलंय एवढ्यावर पैसे देऊ नका. स्वतःची बॉडी दुकानात न्या, बसवा, दहा वेळा उडवून बघा, मगच पाकीट काढा.

गोडॉक्सच्या रेडिओ पद्धतीत पैसे वाचवणारी एक गोष्ट आहे. कॅमेऱ्याची जात फक्त ट्रान्समीटरला बघायला लागते. स्टँडवरचा रेडिओवाला फ्लॅश निकॉनसाठीचा असला तरी कॅननवरच्या ट्रान्समीटरने उडतो. मित्राकडून एक दिवसासाठी फ्लॅश मागून आणताना हे कामाला येतं.

पेटी उघडल्याबरोबर चॅनेल बदला. सगळे जण कंपनीने दिलेल्या चॅनेल १ वरच राहतात. मोठ्या मुहूर्ताच्या दिवशी शेजारी शेजारी दोन लॉनवर दोन लग्नं असतात, आणि पलीकडचा फोटोग्राफर तुमचा फ्लॅश उडवत असतो. त्याला पत्ता नाही, तुम्हाला पत्ता नाही, सेल मात्र तुमचे संपतात. चॅनेलबरोबर आयडी नंबरही असतो, दोन्ही बदला. नव्या ट्रान्समीटरवर मोकळा चॅनेल शोधून देणारी स्कॅनची सोय असते, कार्यालयात पोचल्यावर एकदा ती चालवा, कारण वायफायही याच २.४ गिगाहर्ट्झवर आहे.

दुसरं, २.४ गिगाहर्ट्झ पाण्याला भितो आणि माणूस म्हणजे बराचसा पाणीच. ट्रान्समीटर आणि फ्लॅश यांच्यामध्ये पन्नास वऱ्हाडी उभे राहिले की निरोप अडखळतो. फ्लॅश डोक्यांच्या वर, सात-आठ फुटांवर ठेवा. उजेडालाही तेच बरं. उलटी गंमत म्हणजे काही ट्रान्समीटर अगदी जवळच्या फ्लॅशला हुकतात. बाळाच्या फोटोला फ्लॅश हाताच्या अंतरावर असतो आणि उडत नाही. तिथे मेन्यूत अंतराची सेटिंग असते, ती ०-३० मीटरवर आणा.

फ्लॅश झोपी जाणं ही तिसरी डोकेदुखी. वाढपी येईपर्यंत दहा मिनिटं फोटो नाहीत, तेवढ्यात फ्लॅशने डोळे मिटलेले. मेन्यूत जाऊन स्लीप बंद करा. पेन्सिल सेल साधे घेऊ नका, निकेल मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल घ्या. त्यांचा व्होल्टेज १.२, साध्याचा १.५, तरी फ्लॅश त्यांच्यावर लवकर चार्ज होतो, कारण ते एकदम जास्त करंट देऊ शकतात. चार-चारचे तीन संच ठेवा आणि एका संचातले सेल दुसऱ्यात मिसळू नका.

आता शटर स्पीड. तुमच्या कॅमेऱ्याची सिंकची हद्द, म्हणजे फ्लॅशबरोबर चालणारा सगळ्यात वेगवान शटर स्पीड, १/२०० सेकंद आहे. शटरमध्ये दोन पडदे असतात. १/२०० पर्यंत पहिला पूर्ण उघडल्यावर दुसरा निघतो, म्हणजे मध्ये एक क्षण अख्खा सेन्सर उघडा असतो आणि फ्लॅश तेवढ्यात उरकतो. त्याहून वेगात दुसरा पडदा आधीच निघतो, सेन्सरसमोरून नुसती फट सरकते, आणि फोटोत काळा पट्टा येतो. ट्रिगर स्वतःही थोडा वेळ खातो. स्वस्त ट्रिगरवर १/२०० लाच खाली सावलीची कड दिसू लागते. घरी पांढऱ्या भिंतीवर १/१२५, १/१६०, १/२०० असे तीन फोटो काढा, जिथे कड दिसत नाही तीच तुमची हद्द. स्क्रीनवर बघून (लाइव्ह व्ह्यूमध्ये) फोटो काढताना फ्लॅश उडत नसेल, तर सायलेंट शूटिंग बंद आहे का तेही बघा.

हाय स्पीड सिंकमध्ये फट सरकेपर्यंत फ्लॅश बारीक बारीक अनेकदा उडतो, त्यामुळे पट्टा येत नाही. पण ताकद दोन स्टॉप किंवा त्याहून जास्त पडते (एक स्टॉप गेला म्हणजे उजेड निम्मा). गोकाक धबधब्यावर दुपारचं प्री-वेडिंग धरा. कडक उन्हात आयएसओ १००, १/२०० ला अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ११ येतं. गाइड नंबर (फ्लॅशच्या ताकदीचा आकडा) ३६ चा फ्लॅश ३ मीटरवर पूर्ण ताकदीने जेमतेम एफ १२ देतो. म्हणजे छत्री न लावता, पूर्ण ताकदीवर, काम कसंबसं होतं. एफ २.८ हवं असेल तर शटर १/३२०० वर जातं आणि हाय स्पीड सिंकमध्ये तोच फ्लॅश तीन मीटरवरून उरतच नाही. तो मीटरभर अंतरावर आणावा लागेल, नाहीतर लेन्सवर उजेड कमी करणारा काळसर एनडी फिल्टर लावा, किंवा संध्याकाळी पाचनंतर जा. मी पाचनंतर जातो.

टीटीएल हवं की मॅन्युअल, यावर लोक तावातावाने बोलतात. माझा हिशेब एका गोष्टीवर चालतो, फ्लॅश आणि माणूस यांतलं अंतर बदलतंय का. डोहाळजेवणात ओटी भरताना गर्भवती एका जागी बसलेली असते, बायका येतात, ओटी भरतात, जातात. स्टँड हलत नाही, ती हलत नाही. एकदा ताकद लावली की शंभर फोटो सारखे. तिथे टीटीएल उलट गोंधळ घालतं. पांढरी साडी मध्ये आली की फ्लॅश कमी, काळी काठाची आली की जास्त, घरी बसून एकेक फोटो सारखा करत बसा. वरातीत मात्र अंतर दर पावलाला बदलतं. दोन मीटरचे चार झाले की उजेड चौथाई होतो, म्हणजे दोन स्टॉप गेले. तिथे टीटीएल, आणि तीही हातातल्या वायरीवर.

मॅन्युअलचा हिशेब भीतीदायक नाही. गाइड नंबर भागिले अंतर म्हणजे अॅपर्चर. ३६ चा फ्लॅश आयएसओ ४०० ला ७२ होतो. ताकद १/४ केली की परत ३६. साडेचार मीटरवर एफ ८. छत्री साधारण दोन स्टॉप खाते, मग एफ ४. कार्यालयात पोचून हे एकदा मनात करायचं, एक फोटो काढायचा, हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) बघून थोडं इकडेतिकडे करायचं.

ताकद कमी ठेवण्याचा आणखी एक फायदा आहे, तो आखाड्यात कळतो. फ्लॅश ताकद कमी करतो तो उजेड मंद करून नाही, तर लवकर बंद करून. पूर्ण ताकदीला झपक साधारण १/३०० सेकंद टिकते, १/१२८ ताकदीला १/२०,००० च्या घरात. आनंदवाडीच्या आखाड्यात पैलवान आपटला की उडालेली माती १/१६ ला कणाकणाने थांबते, पूर्ण ताकदीला ती नुसती लाल धूर दिसते. फ्लॅश उंचावर आणि बाजूने ठेवा, पैलवानाच्या डोळ्यात मारू नका. आणि आधी वस्तादांना विचारा.

जांबोटी, कणकुंबीकडे पावसात गेलात तर कॅमेऱ्यावरचा फ्लॅश समोरचं धुकंच उजळतो, बाकी काही दिसत नाही. तोच रेडिओवर घेऊन माणसाच्या मागे तिरका ठेवला की पावसाचे थेंब चमकतात. फ्लॅशला प्लास्टिकची पिशवी घाला, पण काचेवर घट्ट चिकटवू नका, पूर्ण ताकदीला ती वितळते. भीमगडच्या बारापेडे गुहांतल्या वटवाघळांवर मात्र कुठल्याच पद्धतीने फ्लॅश मारायचा नाही.

ट्रिगरशिवायही एक पद्धत आहे. येळ्ळूरच्या राजहंसगडावर अंधारात कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा, एफ ८, आयएसओ २००, शटर ३० सेकंद उघडं. गडद कपडे घालून तटाच्या कडेने चालत जा आणि फ्लॅशचं टेस्ट बटण सहा-आठ ठिकाणी हाताने दाबा. फ्लॅश आणि कॅमेरा यांच्यामध्ये स्वतः यायचं नाही, नाहीतर तटावर भूत दिसतं. एका फ्लॅशने अख्खी भिंत उजळते.

शेवटी मामांचा फ्लॅश. तो कुठल्याही कॅमेऱ्यावर, ट्रिगरवर लावायच्या आधी मल्टीमीटर आणा. फ्लॅश चार्ज करून बंद न करता मीटर डीसी व्होल्टवर, मोठ्या रेंजला ठेवा. एक टोक पायाच्या मधल्या ठिपक्याला, दुसरं बाजूच्या धातूला. आकडा २४ च्या आत असेल तर बहुतेक साधनांना चालतो. माझ्याकडच्या एका जुन्याने दोनशेच्या वर आकडा दाखवला होता. तो डिजिटल कॅमेऱ्याला लावला असता तर बोर्ड जाऊ शकला असता, आणि स्वस्त रिसीव्हरही त्याने भाजू शकतो. असा निघाला तर त्याला जुन्या प्रकारचा स्लेव्ह सेल लावून बंद खोलीतच वापरा, ते बहुधा जास्त व्होल्टेज सोसतात. फ्लॅश उघडून आत बघू नका, आतल्या कपॅसिटरमध्ये सेल काढल्यावरही तीनशेच्या आसपास व्होल्ट उरतात.

वर्षानुवर्षं कपाटात पडलेला असेल तर आधी सेलची जागा बघा, हिरवी बुरशी असेल तर खरवडून व्हिनेगरच्या बोळ्याने पुसून वाळवा. मग नवे सेल घालून, लाल दिवा लागल्यावरही पाच-दहा मिनिटं तसाच चालू ठेवा आणि मध्ये मध्ये उडवा. कपॅसिटरला पुन्हा सवय लागायला तेवढा वेळ लागतो. दिवा दोन मिनिटांत लागला नाही, किंवा आतून करकर आवाज, वास आला, तर सेल काढून तो मामांना परत द्या.